मापात पाप

वर्गात नफा-तोट्याचा धडा चालू होता. उर्दू पुस्तकात त्याला 'नफा-नुकसान' म्हणतात. कीमते-खरीद, कीमते-फरोख्त आणि दोहोंतला फरक. आम्ही फळ्यावर उदाहरण लिहिले : एका व्यापाऱ्याने पेरूचे क्रेट ४०० रुपयांना घेतले आणि ५०० रुपयांना विकले, तर त्याला नफा किती झाला? राहात्याच्या मुलांना पेरूचा हिशेब शिकवावा लागत नाही. सगळ्यांनी एका सुरात 'सौ रुपये' असे उत्तर दिले. मागच्या बाकावरचा एका बागवानाचा मुलगा मात्र गप्प होता. त्याला उभे केले तेव्हा तो म्हणाला, "सर, इसमें हमाली नहीं पकडी. तोलाई बी नहीं."

वर्ग हसला, आम्हीही हसलो. पुस्तकात हमाली नसते बेटा, असे सांगून त्याला खाली बसवले आणि पुढचे उदाहरण घेतले. शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. पण ते वाक्य डोक्यातून गेले नाही. पुस्तकातल्या गणितात माल आपोआप उचलला जातो, आपोआप तोलला जातो आणि आपोआप दुकानात जाऊन बसतो. घेणारा आणि विकणारा असे दोघेच त्या जगात राहतात. तिसरा माणूस त्यात नाहीच.

हा तिसरा माणूस आम्हाला पुढे वेगळ्याच ठिकाणी भेटला. एका रमजानच्या आधी आम्ही शहरात नातेवाइकांकडे गेलो होतो. महिन्याचे सामान तिथल्या मोठ्या दुकानातूनच घेऊ, असे पत्नीने सुचवले. दुकान कोणत्या साखळीचे होते ते इथे सांगत नाही. त्याने काही बिघडत नाही. खजूर, बेसन, तेल, शेवया, साबण सगळे घेतले. इथल्या दरांशी ताडून पाहिले तर ३४० रुपये वाचले होते. पगारदार माणसालाही हे सुख लहान नसते. आम्ही खुशीतच पैसे द्यायच्या रांगेत उभे राहिलो.

"अस्सलामु अलैकुम, सर."

गल्ल्यावर आमचीच एक जुनी विद्यार्थिनी उभी होती. दहावीला गणितात चांगले गुण मिळवले होते तिने. बारावी करून फुफीकडे राहायला आली आणि इथे कामाला लागली. सलामाचे उत्तर देऊन आम्ही सवयीने म्हणून गेलो, "जीती रहो बेटा. बैठो, बैठो."

वर्गात शिक्षक आले की मुले उभी राहतात आणि शिक्षक म्हणतात, 'बैठ जाओ.' रोज कितीतरी वेळा तोंडात येणारा शब्द. ती हसली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, यहाँ बैठने का नहीं है." आम्ही वाकून पाहिले. गल्ल्यामागे स्टूल नव्हते. एकाही गल्ल्यामागे नव्हते.

पुढे ईदला ती घरी आली, तेव्हा बाकीचे कळले. कागदावर कामाचे तास नऊ. पण दुकान उघडण्याआधीची मांडामांड आणि बंद झाल्यावरचा हिशेब धरला तर ते साडेदहा होतात, आणि वरच्या दीड तासाचे पैसे मिळत नाहीत. गळ्यातल्या ओळखपत्रावर कंपनीचे नाव, पगाराच्या चिठ्ठीवर कंत्राटदाराचे. गल्ल्यात रक्कम कमी भरली तर ती तिच्या पगारातून जाते, जास्त भरली तर कंपनीच्या खात्यात जमा होते. संध्याकाळी पायांच्या शिरा तटतटतात. एवढे सांगून ती म्हणाली, "मगर सर, पगार टाइमपर होता." तिने तक्रार केलीच नव्हती. आम्ही खोदून विचारले म्हणून तिने सांगितले.

तेव्हापासून एक प्रश्न आमचा पिच्छा सोडत नाही. आम्ही जे ३४० रुपये वाचवले ते आले कुठून? आणि ते आम्हाला हलाल आहेत काय?

मराठीत 'मापात पाप' असा शब्दप्रयोग आहे. कुरआनात तर माप मारणाऱ्यांवर एक सबंध सूरह आहे, 'अल्-मुतफ्फिफीन'. घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे लोक, हा तिचा आरंभाचा विषय. आम्ही लहानपणापासून तिचा अर्थ तराजूच्या दांडीशी लावत आलो. दांडी मारणारा वाणी, दुधात पाणी घालणारा गवळी, तळाशी नासकी फळे भरणारा बागवान एवढेच लोक आमच्या डोळ्यांपुढे येत. आता मोठ्या दुकानात जाऊन पाहा. तिथला काटा ग्रॅमपर्यंत अचूक असतो. पाकिटावर वजन, किंमत, तारीख सगळे छापलेले. बिल छापील. आवडले नाही तर माल परत. ग्राहकाच्या बाजूने पाहिले तर इतके चोख माप आपल्या बाजारांनी क्वचितच दिले असेल.

पण व्यवहारात दोनच पारडी नसतात. माल पिकवणारा किंवा बनवणारा, तो पुरवणारा, उचलणारा, मांडणारा आणि विकणारा, यांचीही पारडी असतात. ती आपल्याला दिसत नाहीत. ग्राहकाच्या पारड्यात चोख माप पडत असताना कामगाराच्या पारड्यातून दीड तास काढून घेतला जात असेल, तर ते माप मारणेच नाही काय? सूरह वाणी कोण, गवळी कोण हे विचारत नाही. घेताना पुरे घेतले आणि देताना कमी दिले, एवढेच ती पाहते.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. स्वस्त विकणे हा गुन्हा नव्हे. मधले हात कमी केले, माल एकगठ्ठा घेतला, नासाडी टाळली, थोड्या नफ्यावर समाधान मानले तर वस्तू प्रामाणिकपणे स्वस्त होते. २००२ साली पवईला पहिले दुकान काढणाऱ्या डी-मार्टची ख्याती अशीच आहे. शक्यतो स्वतःच्या जागेत दुकान घालायचे, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात माल स्वस्त मिळवायचा. यात कुणाला दोष देता येणार नाही. पण त्याच कंपनीचे वार्षिक अहवाल पाहिले तर कायम नोकरांपेक्षा कंत्राटी कामगारांची संख्या कितीतरी पट अधिक असल्याचे दिसते. एकाच दुकानात स्वस्ताईची दोन मुळे असू शकतात. एक अकलेचे आणि दुसरे बेभरवशाच्या नोकरीचे. पाकिटावर छापलेल्या किमतीत यांतले कोणते किती, हे आपल्याला कळत नाही.

दुसरे उदाहरण बिग बाजारचे. ही साखळी २००१ मध्ये सुरू झाली. २६ जानेवारी २००६ रोजी तिने 'सबसे सस्ता दिन' जाहीर केला आणि दुकानांवर अशी झुंबड उडाली की गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. ज्या दिवशी या देशाने प्रत्येक माणसाला समान प्रतिष्ठा देणारी राज्यघटना अमलात आणली, तो दिवस सर्वांत स्वस्त दिवस ठरला. पुढे कंपनी कर्जात बुडाली, २०२२ मध्ये तिची अनेक दुकाने दुसऱ्या मोठ्या कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत सापडली. अशा वेळी कायद्याच्या रांगेत तारण घेतलेल्या बँका पुढे असतात आणि उधारीवर माल दिलेला लहान पुरवठादार बराच मागे असतो. राक्षस चालतो तेव्हा माणसे दबतात, आणि पडतो तेव्हाही त्यांच्याच अंगावर पडतो.

जगातली सर्वांत मोठी किरकोळ साखळी वॉलमार्ट. कॅनडातल्या जोंकियेर या गावी तिच्या दुकानातल्या कामगारांनी संघटना बांधली आणि २००५ मध्ये कंपनीने ते दुकानच बंद करून टाकले. दुकान नफ्यात नव्हते, असे कंपनीचे म्हणणे. २०१४ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल कामगारांच्या बाजूने दिला; पण नोकऱ्या जाऊन तोवर नऊ वर्षे झाली होती. ढाक्याजवळच्या ताजरीन कारखान्याला नोव्हेंबर २०१२ मध्ये आग लागली आणि शंभराहून अधिक कामगार जळून मेले. त्या राखेत वॉलमार्टसाठी शिवलेले कपडे सापडले. आमच्या पुरवठादाराने परवानगी न घेता तिथे काम दिले होते, असे कंपनीने सांगितले. ते खरेही असेल. पण माल कुणी शिवला हे मालकाला माहीत नसावे आणि तो कोणत्या दराने शिवून आला हे मात्र पैशापर्यंत माहीत असावे, या अज्ञानाला निष्पाप कसे म्हणावे?

आपल्या देशात येऊ. हरियाणातल्या मानेसर इथल्या अॅमेझॉनच्या गोदामात, सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी पिण्यास वा लघवीला जाणार नाही, अशी शपथ कामगारांना घ्यायला लावल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने आपणहून दखल घेतली. ही तुरळक घटना असल्याचा खुलासा कंपनीने केला. आपल्याकडे भिवंडीसारख्या गावात यंत्रमागांची खडखड मंदावत गेली आणि तिच्या आसपास अशी गोदामे वाढत गेली. ज्या घरांतले बाप मागावर उभे राहिले, त्यांतली कित्येक पोरे आता गोदामात उभी आहेत. मोठी दुकाने गावात आली नाहीत म्हणून आपण त्यांच्यापासून दूर आहोत असे राहातेकरांनी समजू नये. आपली मुले तिथे आधीच पोचली आहेत.

चौदाव्या शतकात ट्युनिसला जन्मलेल्या इब्न खल्दूनने आपल्या 'मुकद्दमा' या ग्रंथात, राजाने व्यापारात उतरणे रयतेला घातक का, याची चर्चा केली आहे. रयतेतले व्यापारी थोडेफार एकमेकांच्या तोलाचे असतात, त्यांच्यात चढाओढ होऊ शकते. राजा उतरला की त्याच्यापुढे बोली लावायची कुणाची छाती होत नाही, तो पडेल भावाने घेतो. यातला राजा काढून अवाढव्य भांडवल ठेवले तरी युक्तिवाद तसाच उभा राहतो. बाजाराकडे येणारा काफिला वाटेतच गाठून, भाव ठाऊक नसलेल्या माणसाकडून माल घेऊ नये, अशी मनाई हदीसमध्ये आहे. आजच्या शेतकऱ्याला मोबाइलवर भाव कळतो. पण घेणारा एकच उरला तर भाव कळून उपयोग काय? कंपनीची गाडी बांधावर येते, पैसे खात्यात जमा होतात, आडत वाचते, हे चांगलेच आहे. पण ती तिच्या प्रतवारीत बसणारे निवडक फळ नेते. उरलेले घेऊन शेतकरी पुन्हा बाजार समितीच्या दारातच उभा राहतो.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, मग गल्लीतला किराणावाला साधू आहे काय?

नाही. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतपत्रे जाळली. ते सावकार कुण्या परदेशी कंपनीचे नव्हते. गावातले होते, ओळखीचे होते. शेजारच्या शिर्डीत तर दिव्यांसाठी तेल मागणाऱ्या फकिराला वाण्यांनी रिकाम्या हाती परत पाठवल्याची कथा घरोघर सांगितली जाते. आणि जुन्या गोष्टी कशाला? आम्ही ज्या दुकानातून उधारीवर सामान आणतो, तिथला पोऱ्या सकाळी सातला शटर उघडतो आणि रात्री दहाला पाडतो. त्याला किमान वेतन ठाऊक नाही, साप्ताहिक सुटी अमावास्येला मिळाली तर मिळाली. तोही उभाच असतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याच दुकानाच्या मालकाने मोहल्ल्यातल्या कित्येक घरांना वहीवर माल दिला, एकाचीही चूल विझू दिली नाही, हेही खरे. चेहरा ओळखीचा असला की दयेला जागा राहते. पण दया म्हणजे हक्क नव्हे. ती मालकाच्या मर्जीवर असते.

तेव्हा मोठे वाईट आणि लहान चांगले, असा हा झगडा नाही. तिसऱ्या माणसाचा हिशेब कुठे मांडला जातो आणि कुठे गाळला जातो, हा प्रश्न आहे. आणि तो मांडता येतो, हे याच महाराष्ट्राने दाखवले आहे. हमाल हा एके काळी बाजारातला सर्वांत बेवारस माणूस होता. बाबा आढावांसारख्यांनी पुण्यात हमाल पंचायत उभी केली, मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी माथाडींना एकत्र आणले, आणि १९६९ साली राज्याने माथाडी कायदा केला. मजुरी मंडळात जमा होऊ लागली, भविष्यनिर्वाह निधी आला, पाठीवरच्या ओझ्याची नोंद झाली. आमच्या विद्यार्थ्याला 'हमाली' हा वेगळा आकडा म्हणून ठाऊक आहे, त्यामागे हा इतिहास आहे. डिसेंबर २०२५ मध्ये बाबा पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा आम्ही वर्गात त्यांच्याविषयी थोडे बोललो. मागच्या बाकावरचा मुलगा त्या दिवशी पुढे येऊन बसला होता.

आमच्या तालुक्यातल्या लोणीला १९५० मध्ये प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यालाच मालक करायचा तो प्रयोग केला. सहकाराचे पुढे काय झाले ते वाचकांना सांगायला नको. पण मोठे व्हायचे तर कुणालातरी दाबूनच व्हावे लागते, हा समज खोटा आहे, याची निशाणी आमच्या तालुक्यातच आहे.

केरळात कापडदुकानांतल्या बायकांनी एक साधी मागणी केली. बसू द्या. कोळिकोडच्या विजी नावाच्या एका शिंपीणबाईंच्या पुढाकाराने त्या संघटित झाल्या. गिऱ्हाईक नसतानाही बसायचे नाही, लघवीला जावे लागू नये म्हणून पाणी प्यायचे नाही, असे दिवस त्यांनी काढले होते. २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसण्याचा हक्क लिहिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. कारखान्यांच्या १९४८ च्या कायद्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय होतीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या नव्या श्रमसंहितेतही तिचा उल्लेख आहे. म्हणजे कागदावर स्टूल आले आहे. गल्ल्यामागे यायचे आहे. दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दुकानांतले कामाचे रोजचे तास नऊवरून दहा करायला आणि कायद्याची मर्यादा दहा कामगारांवरून वीसवर न्यायला मान्यता दिली. वरच्या तासांचे पैसे कायद्याने मिळतील, असे सांगतात. आमच्या विद्यार्थिनीला नऊच्या वरचे आजवर मिळालेले नाहीत.

राहिला आमचा प्रश्न. ते ३४० रुपये.

आमच्या मोहल्ल्यात एक विधवा बाई आहेत. शिवणकामावर घर चालवतात. तेल वीस रुपयांनी स्वस्त मिळते म्हणून त्या रिक्षाचे दहा रुपये खर्चून मोठ्या दुकानात जातात. त्यांना जाऊन आम्ही नीतिशास्त्र सांगावे काय? ज्याच्या ताटात कमी आहे त्याच्यावर साऱ्या जगाच्या मापाचा भार टाकणे हाही जुलूमच आहे. पण आम्ही शिवणकामावर जगत नाही. आम्हाला वेतन आयोगाचा पगार आहे, रविवारची सुटी आहे, आणि वर्गात बसायला खुर्ची आहे. ज्याची ऐपत जास्त त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व जकात देताना आम्हाला पाठ असते. खरेदी करताना मात्र आम्ही ते विसरतो.

आपल्याकडे हुकूकुल्लाह आणि हुकूकुल-इबाद असा भेद करतात. अल्लाहचा हक चुकला तर त्याच्याकडे माफी मागता येते. बंद्याचा हक मारला तर आधी त्या बंद्याने माफ करावे लागते. मजुराच्या घामाविषयीची हदीस आम्ही जुम्याच्या खुतब्यात कितीदा ऐकली असेल. ती मालकासाठी आहे, असे समजून आम्ही निर्धास्त बसलो होतो. पण कामगाराच्या दीड तासाचा काही हिस्सा सवलत म्हणून आमच्या पिशवीत येत असेल, तर आम्ही निव्वळ गिऱ्हाईक राहत नाही. ज्याची माफी मागायची तो बंदा कोण, हे तर आम्हाला ठाऊक आहे. तिला आम्हीच त्रैराशिक शिकवले आहे.

मग आम्ही काय केले? फार काही नाही. बहिष्कार वगैरे घोषणा केली नाही. तिची नोकरी त्याच दुकानात आहे. पुढच्या वेळी शहरात गेलो तेव्हा तिची पाळी नसताना त्या दुकानात गेलो, म्हणजे तिच्यावर रोष यायला नको. व्यवस्थापकाला भेटून विचारले, गल्ल्यावरच्या मुलींना स्टूल का नाही? तो तरुण होता, सभ्य होता, बहुधा आमच्याच वयाचा. म्हणाला, "सर, हे वरून ठरतं." वर कोण, हे त्यालाही नीट सांगता आले नाही. बोलताना तोही उभाच होता. त्याच्या दालनातही एकच खुर्ची होती, आणि ती त्याने आम्हाला दिली होती.

अभिप्रायाच्या वहीत आम्ही मराठीत चार ओळी लिहून आलो. गल्लीतल्या किराणावाल्यालाही पोऱ्याच्या सुटीविषयी बोललो. तो जरा नाराज झाला, पण पोऱ्यासाठी एक जुना डबा उलटा घालून ठेवला आहे. एवढ्याने कुणाचे भले झाले असे आम्ही म्हणत नाही. मात्र वाचकांतल्या ज्यांना ऐपत आहे त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, पुढच्या खेपेला बिल देताना गल्ल्यामागे वाकून पाहा. बसायला काही आहे काय ते विचारा. दहा गिऱ्हाइकांनी विचारले तर ती गोष्ट वर जाईल, कारण वरचे लोक गिऱ्हाइकाचे ऐकतात, असे ते स्वतःच सांगत असतात.

शाळेत नफा-नुकसानचा धडा यंदा पुन्हा आला. पुस्तक तेच आहे. आम्ही फळ्यावर कीमते-खरीद लिहिली, तिच्याखाली 'हमाली' आणि 'तोलाई' लिहिली, आणि मग मुलांना नफा काढायला सांगितला.